बुजणाऱ्या घोडीला जमिनीवरून धीर कसा द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा. फलटणकडच्या एका शेतकरी तरुणाने दत्तजयंतीच्या वेळी सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची मारवाडी घोडी घेतली. यात्रेत ती शांत होती. घरी आल्यापासून प्लॅस्टिकची पिशवी, फडफडणारी ताडपत्री आणि मागून येणारी मोटारसायकल यांना बुजते. म्होरकीला धरून चालवताना एकतर माणसाच्या अंगावर येते, नाहीतर हिसका देऊन मागे सरते. उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून समोरून आला तेव्हा हातातला दोर सुटला आणि घोडी थेट फडात शिरली. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना दात दाखवते. गावातले जाणते सांगतात, दोन दिवस उपाशी बांधा, शेजारी ढोल वाजवा, आपोआप सरळ होईल. 'ग्राउंडवर्कचे व्हिडिओ पाहिलेत. त्याने खरंच फरक पडतो का? आणि सुरुवात कुठून करू?'

फरक पडतो. ग्राउंडवर्क म्हणजे पाठीवर न बसता, जमिनीवर उभं राहून घोडीला शिकवणं. पण ते म्हणजे तिला छत्र्या, फुगे आणि ताडपत्र्या दाखवत फिरणं, असं व्हिडिओंवरून वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. ते सगळ्यात शेवटचं काम. आधीचं काम बघायला अगदी कंटाळवाणं असतं: एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, इथे उभी राहा. त्यातून घोडीला एक गोष्ट पटत जाते. दोर ताणला गेला की आपण अमुक करायचं, केलं की दोर लगेच सैल होतो, आणि हे आपल्याला येतं. धीर येतो तो यातून. उद्या समोर ताडपत्री फडफडली तरी 'आता मी काय करू' याचं उत्तर तिच्याकडे तयार असतं. आज ते नाही, म्हणून ती तिला ठाऊक असलेलं एकमेव उत्तर देते, पळण्याचं.

यात्रेत शांत आणि घरी बुजरी, याचा अर्थ व्यापाऱ्याने फसवलंच असा नाही. तापीकाठी ओळीने घोडी बांधलेली असतात. घोडा कळपाचा प्राणी. आजूबाजूची सगळी घोडी निवांत कडबा खात असतील तर एकटीने घाबरायचं तिला कारण नसतं. त्यात ट्रकचा प्रवास आणि अपुरी झोप. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि जिथे सुरक्षित वाटत नाही तिथे तो आडवा होत नाही. थकून गप्प झालेली घोडी आपल्याला गरीब स्वभावाची वाटते. तुमच्या घरी आल्यावर तिची झोप भरली, चंदी (दाण्याचा खुराक) मिळाली, आणि ती एकटी पडली. म्हणून व्यायाम सुरू करण्याआधी सोबतीची सोय करा. दुसरं घोडं नसेल तर शेळी किंवा म्हैस चालेल, पण ती तिच्या नजरेसमोर हवी. शेजारच्या गावात वरातीत मुरलेलं एखादं म्हातारं घोडं असेल तर अधूनमधून तासभर मागून आणा. निर्धास्त घोड्याबरोबर नवी वस्तू पाहिलेली तरुण घोडी नंतर एकटी असतानाही त्या वस्तूला कमी घाबरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. घोडी सांभाळणाऱ्या जुन्या मोतद्दारांना ते त्याआधीपासून माहीत होतं.

तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ट्रॅक्टरची नाही, तंगाची आहे. तंग आवळताना दात दाखवणारी घोडी बहुतेक वेळा दुखतंय असं सांगत असते. खोगीर पाठीवर नीट बसत नसेल, तंगाखाली जखम असेल, किंवा पोटात अल्सर असेल. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरतो, त्यामुळे ते आम्ल चारा आणि लाळेत मुरतं. आपण सकाळी एक तोबरा, संध्याकाळी एक तोबरा देऊन मध्ये त्याला रिकाम्या पोटी उभा ठेवतो. 'दोन दिवस उपाशी बांधा' हा सल्ला ऐकलात तर दुखणं वाढवाल आणि वर त्या दुखण्याला भीती चिकटवून द्याल.

तेव्हा आधी घोड्यांची माहिती असलेला पशुवैद्य बोलवा. गायी-म्हशींचे उत्तम डॉक्टर जवळ असतात, घोड्यांचा माणूस शोधावा लागतो, पण शोधा. पाठ, तंगाची जागा, खूर आणि दात बघायला सांगा. पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा फालतू दात कधीकधी असतो, कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी भाग, त्यावर आपटलं की घोडं डोकं झटकतं. डोळे तर नक्की तपासा. आपल्या देशात घोड्याच्या डोळ्यात सेटारिया जातीचा पांढरा, दोऱ्यासारखा किडा सापडतो आणि बुबुळावर ढगाळपणा येतो. घोडी एकाच बाजूने जास्त बुजत असेल तर ही शंका आधी घ्यायची. दिसतच नसेल तर कितीही शिकवून उपयोग नाही.

खाण्याचं बघू. मारवाडी घोडीचं वजन साडेतीनशे किलो धरलं तर दिवसाला पाच ते सात किलो सुका चारा तिच्या पोटात जायला हवा, तोही तीन-चार वेळा वाटून. काम काही नाही, दिवसभर अगाडी-पिछाडीने (पुढच्या-मागच्या दोरांनी) जखडलेली, आणि वर भिजवलेले चणे, बाजरी, गूळ अशी भरपूर चंदी, हा उधळणारं घोडं तयार करायचा हमखास मार्ग आहे. चंदी कमी करा, कडबा आणि वाळलेलं गवत वाढवा, थोडा लसूण घास द्या. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको, ती विषारी ठरू शकते. आणि दिवसातून काही तास तिला मोकळी सोडा. जागा लहान असली तरी चालेल, फक्त काटेरी तारेचं कुंपण नको. घाबरलेलं घोडं तार बघत नाही.

आता सामान. म्होरकी पक्की आणि नीट बसणारी हवी, दोर जाड सुती, बारा फूट. हातमोजे घाला, डोक्याला हेल्मेट, पायात बंद बूट. चपलेवर घोडी फिरवणारी माणसं मी रोज पाहतो आणि त्यांची बोटंही पाहतो. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कितीही सवय असली तरी नाही. घड्या घालून हातात धरायचा, म्हणजे ओढला गेला तर सुटतो. काटेरी कडियाळं असेल तर ते भिंतीला टांगून ठेवा. या कामात तोंडात काही घालायची गरज नाही. जागा म्हणजे पंधरा-अठरा मीटर रुंदीचं, पाय न घसरणारं आवार पुरे, बांबू लावून केलं तरी चालतं. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, हवं तर संध्याकाळी पुन्हा तेवढीच. तासभर काम केलं की माणसाला समाधान मिळतं, घोडी शेवटच्या चाळीस मिनिटांत फक्त वैतागते.

पहिला धडा चालण्याचा. तिच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहा. अगदी समोर नाही, कारण घोड्याला जवळपास 350 अंशांतलं दिसत असलं तरी कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे आंधळी जागा असते. दोर पुढच्या दिशेने हलकेच ताणा, बोटांनी, मनगटाने नाही. पुढे आली नाही तर ताण तसाच धरा, मग किंचित वाढवा. हिसका द्यायचा नाही. तिने वजन जरी पुढे टाकलं, पाऊल उचलायचा नुसता विचार केला, तरी त्याच क्षणी दोर सोडा. शिकवण त्या सोडण्यात असते. सेकंदभर उशीर झाला तर ती दुसरंच काही शिकते, बहुधा डोकं वर फेकायला. सोडलं, दोन श्वास थांबलात, पुन्हा. एक पाऊल हलक्या ताणावर यायला लागलं की दोन, मग पाच. लोक इथे घाई करतात. एका बोटाच्या ताणावर घोडी पाऊल उचलेपर्यंत पुढचं काही करू नका.

मग तसंच मागे. दोर तिच्या छातीकडे हलकेच दाबा, एक पाऊल मागे गेली की सोडा. तुमची घोडी अंगावर येते, त्याला हा धडा लागू पडतो. ती मस्तीने येत नाही, घाबरली की कळपातल्या सोबत्याला जशी चिकटेल तशी तुम्हाला चिकटते. तिला कोपर मारून ढकललंत तर जवळच्या एकुलत्या एक सोबत्याने मारलं एवढंच तिला कळतं. दोन पावलं मागे घेतलंत तर अंतर राखलं जातं आणि तिला करायला काही तरी मिळतं.

तिसरी गोष्ट पुठ्ठा, म्हणजे घोडीचा मागचा भाग, बाजूला सरकवणं. तिचं तोंड किंचित आपल्याकडे वळवा, बरगडीच्या मागे नजर आणि छडीचं टोक न्या, हवं तर हलकेच टेकवा. आतला मागचा पाय दुसऱ्या पायाच्या पुढून ओलांडून टाकला की लगेच सोडा. हा तुमचा ब्रेक आहे. घोडी पुढे उसळायला लागली तर पुठ्ठा बाजूला गेल्यावर तिच्या रेट्यातला दम जातो. काही लोक हाच प्रकार दर दोन मिनिटांनी करत घोडीला भोवऱ्यासारखं गरगरा फिरवतात, त्याने ती आणखी तापते. दोन्ही बाजूंना दोन-चारदा जमलं की बास.

दोन्ही बाजूंबद्दल एक जुना समज आहे, की घोड्याच्या एका डोळ्याने पाहिलेलं दुसऱ्या डोळ्याला कळत नाही. हे खरं नाही, माहिती मेंदूत इकडून तिकडे जाते. तरीही प्रत्येक धडा उजवीकडूनही करावाच लागतो, कारण आपण सगळे घोड्याला डावीकडूनच हाताळतो आणि उजव्या बाजूला माणूस दिसणं हीच तिच्यासाठी नवी गोष्ट असते. शिवाय तीच पिशवी दुसऱ्या बाजूने वेगळी दिसते.

सगळ्यात दुर्लक्षित धडा म्हणजे उभं राहणं. मला विचाराल तर बुजऱ्या घोडीसाठी तोच पहिल्या क्रमांकाचा. थांबायचा इशारा म्हणून 'हो' म्हणा, थांबवा, दोर सैल सोडा. तुम्ही अर्धं पाऊल दूर जा आणि ती हलायच्या आत परत या. हलली तर रागवायचं नाही, चारही पाय जिथे होते तिथे शांतपणे आणून पुन्हा उभं करायचं. हळूहळू तुम्ही दोराच्या टोकापर्यंत जाऊ शकाल, तिच्याभोवती फेरी मारू शकाल. सैल दोरावर उभी राहणारी घोडी ही बांधलेली घोडी नसते. ती थांबायचं ठरवून थांबलेली असते, आणि ताडपत्रीसमोर तुम्हाला तेच हवं आहे. बांधून हे शिकवता येत नाही. उलट पक्क्या खुंट्याला बांधलेलं घोडं घाबरून मागे ओढायला लागलं तर मानेला कायमची इजा होऊ शकते. बांधायचंच झालं तर खुंट्याला सुतळीचा वेढा करून त्यात दोर अडकवा, जोर आला की सुतळी तुटेल.

डोकं खाली घ्यायला शिकवणं उपयोगी आहे. कानांच्या मागे दोन बोटांचा हलका दाब, मान जराशी उतरली की सोडा. फक्त त्याला जादू समजू नका. डोकं खाली म्हणजे आतूनही शांत, असं दर वेळी नसतं.

शाबासकी कशी द्यायची हेही बघा. आपण मानेवर थापा मारतो, तो आवाज आपल्याला आवडतो. घोडी एकमेकांना थापा मारत नाहीत, मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापाशी दातांनी खाजवतात. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमक्या त्या भागात खाजवल्यावर घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. खरारा करताना तिथे थोडा जास्त वेळ घालवा, वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की समजा जागा सापडली. खाऊ द्यायला हरकत नाही, गाजराचा तुकडा किंवा बोटाच्या पेराएवढा गूळ, पण तो तिच्या तोंडाच्या बाजूला, तुमच्यापासून लांब हात करून. नाहीतर ती खिसे हुंगायला लागते. खाऊ हे एक मापही आहे. एरवी गाजरावर तुटून पडणारी घोडी ताडपत्रीजवळ ते तोंडातही घेत नसेल, तर तुम्ही फार जवळ गेलात.

आता पिशवी. इथे डेन्मार्कमधला 2006 चा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. दोन वर्षांच्या 27 घोड्यांना पांढऱ्या नायलॉनच्या मोठ्या पिशवीची सवय लावायची होती. एका गटासमोर पिशवी एकदम पूर्ण ताकदीने आणली आणि ते बुजायचे थांबेपर्यंत चालू ठेवलं. दुसऱ्या गटाला तीच पिशवी लहान लहान पायऱ्यांनी दाखवली. तिसऱ्याला पिशवीबरोबर खाऊ दिला. पायऱ्यांनी शिकलेली घोडी सगळ्यात कमी पळाली, कमी बैठकांत शिकली, आणि त्या गटातली सगळीच्या सगळी शिकली. बाकीच्या दोन गटांतली काही शेवटपर्यंत शिकली नाहीत. आणखी एक गोष्ट दिसली: घोडी बाहेरून शांत झाल्यावरही हृदयाचे ठोके पूर्ण स्थिरावलेले नव्हते. ढोलवाल्या सल्ल्याला माझं उत्तर यातच आहे. दोन दिवस ढोल वाजवल्यावर घोडी गप्प होईलही. पण पळता येत नाही आणि सुटकाही नाही, म्हणून गप्प बसलेलं जनावर आतून तितकंच घाबरलेलं असू शकतं, आणि ते एखाद्या दिवशी कुणी पाठीवर असताना बाहेर येतं. वरातीत वर्षानुवर्षं गरीब असलेली घोडी एकाएकी बिथरली अशा बातम्या आपण वाचतो. 'एकाएकी' हा शब्द तिथे फार क्वचित खरा असतो.

पायऱ्या म्हणजे काय? पिशवी छडीच्या टोकाला बांधा आणि घोडीपासून इतकी लांब धरा की ती फक्त कान लावेल, पाय हलवणार नाही. मारवाडीचे कान टोकाला आत वळलेले असतात, त्यामुळे टोकांकडे नाही तर बुडाकडे बघा, बूड जिकडे वळलं तिकडे तिचं लक्ष. आता पिशवी घेऊन तुम्ही पुढे चालायला लागा, आणि घोडीला तिच्या मागे येऊ द्या. ही युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. घोड्याच्या मनात पाठलाग करणारी वस्तू वाईट असते, पण जी आपल्यापुढे पळते तिची भीती आपोआप कमी होते. थोड्या वेळाने बरीचशी घोडी स्वतःच मान लांबवून पिशवी हुंगायला बघतात. पिशवी थांबवा, हुंगू द्या, मग पुन्हा लांब न्या. ती जवळ आली म्हणून लगेच तिच्या मानेला पिशवी लावायचा मोह आवरा, आज नाही.

अंगाला लावायची वेळ आली की आधी नुसती छडी, मग छडीला कापड, मग पिशवी. खांद्यापासून सुरू करा, तिथून पाठ, पुठ्ठा, पोट, पाय. कान आणि तोंड शेवटी. इथे एक बारीक गोष्ट सगळं ठरवते. छडी लागल्यावर ती सरकली आणि तुम्ही घाबरून छडी उचललीत, तर सरकलं की छडी जाते हे तुम्हीच शिकवलंत. छडी न दाबता, न वाढवता तिथेच हलकेच राहू द्या, तिच्याबरोबर चाला, आणि ती उभी राहिली की त्या क्षणी काढा. अर्थात इतकी वेळ येऊच नये हे उत्तम. दर दुसऱ्या स्पर्शाला ती सरकत असेल तर तुम्ही एक पायरी गाळली आहे.

ताडपत्री जमिनीवर आधी घडी करून, पट्टीसारखी. तिच्या कडेने चालवा, मग दोन बांबूंच्या मधून, मग पट्टी ओलांडून, आणि शेवटी उलगडलेली. रंगाचाही भाग आहे. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक जवळजवळ कळत नाही. म्हणजे हिरव्या गवतावरची निळी ताडपत्री तिच्या डोळ्यात चांगलीच भरते. निळीची सवय झाली म्हणून पांढऱ्या गोणपाटालाही ती सरावेल असं धरू नका, ते वेगळं शिकवा, मात्र दर नव्या वस्तूला वेळ कमी लागत जातो. ऊन आणि सावलीच्या सीमेवर, गोठ्याच्या अंधाऱ्या दारात दोन-चार क्षण जास्त द्या. प्रकाश बदलल्यावर तिच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, ती हट्ट करत नसते.

हे सगळं करताना तिच्याकडे बघत राहायचं ते कशासाठी? घाबरणं उधळण्यापासून सुरू होत नाही. आधी श्वास अडकतो, मग नाकपुड्या ताठ होतात, हनुवटी आवळते, शेपूट घट्ट चिकटते, मान उंच जाते, आणि पाय सगळ्यात शेवटी उचलले जातात. हनुवटी आवळल्याबरोबर थांबलात किंवा एक पाऊल मागे घेतलंत तर पाय उचलायची वेळ येत नाही. उलट बाजूला लांब फुरफुर, डोळे मिचकावणं, एक मागचा पाय सैल सोडून उभं राहणं ही चांगली लक्षणं. जीभ फिरवून चघळणं दिसलं की 'शिकली, शिकली' म्हणतात, मी तितका खूश होत नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की क्षणापूर्वी ती ताणात होती आणि आता सुटली. सारखं चघळत असेल तर तुम्ही तिला सारखं ताणात नेत आहात. खात्री हवी असेल तर साधा स्टेथोस्कोप घ्या आणि डाव्या कोपराच्या मागे ठेवा. आराम करणाऱ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44. गोठ्यात मोजा, मग पिशवीजवळ उभी असताना मोजा. वरून दगडासारखी उभी आणि ठोके दुपटीच्या घरात, असं दिसलं तर काय ते समजा.

बुजल्यावर मारायचं नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो, कारण समोर चार माणसं बघत असली की हात आपोआप उठतो. ग्रीक सेनानी झेनोफोनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं आहे, की बुजलेल्या घोड्याला मारून पुढे रेटलं तर भीती वाढते, कारण वेदना त्या वस्तूमुळेच झाली असं घोड्याला वाटतं. वस्तूला आधी स्वतः हात लावून दाखवा आणि घोड्याला हळुवार जवळ न्या, असंही तो सांगतो. इतक्या जुन्या सल्ल्यात मला आजही काही दुरुस्त करावंसं वाटत नाही.

आणखी एक प्रकार टाळा. गोल आवारात घोडीला मोकळं सोडून दोर फेकत पळवायचं, ती दमून तुमच्याकडे आली की 'विश्वास बसला' म्हणायचं. तयार माणसाच्या हाती, धीट घोड्यावर ते चालून जातं. पळणं हाच जिचा आजार आहे तिला आणखी पळायचा सराव का द्यायचा?

वाहनांचं काम याच रीतीने, फक्त मोठ्या जागेत आणि मदतनीसासह. बंद मोटारसायकल आवारात उभी ठेवा, सीटवर मूठभर घास ठेवा आणि घोडीला तिच्या गतीने येऊ द्या. मग दूर कुठे तरी इंजिन नुसतं सुरू. मग मोटारसायकल पुढे हळू चालली आहे आणि तुम्ही घोडीला घेऊन मागे, पिशवीसारखंच. त्यानंतर समोरून, आणि मागून येणारी सगळ्यात शेवटी, कारण तिला सर्वांत कमी दिसतं ते तिथे. चालवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा: हॉर्न नाही, रेस नाही, आणि तुम्ही हात वर केला की थांबायचं. गावात असा एक संयमी पोरगा शोधणं हे घोडी शिकवण्यापेक्षा अवघड जातं, पण त्याच्यावाचून भागत नाही.

उसाच्या ट्रॅक्टरची गंमत अशी की त्यात तीन भीती एकत्र असतात: आकार, इंजिन आणि स्पीकर. वेगवेगळ्या करा. गाळप हंगाम चालू असताना रिकाम्या ट्रॉल्या शेताच्या कडेला उभ्या असतात, त्यांच्याभोवती फिरवा. गाणी मोबाइलवर गोठ्यात बारीक आवाजात, ती खात असताना लावा आणि दिवसागणिक वाढवा. इंजिन तुमच्या ओळखीच्या कुणाचं तरी. तिन्ही वेगवेगळ्या जमल्यावरच एकत्र. तोपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर दिसला की धीटपणा दाखवत जागीच उभे राहू नका. वेळीच शेतात किंवा रुंद जागेत वळा, घोडीचं तोंड ट्रॅक्टरकडे करा म्हणजे तिला दोन्ही डोळ्यांनी नीट बघता येईल, तुम्ही तिच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये अडकणार नाही असे खांद्याशी उभे राहा, आणि दोन पावलं मागे, एक पाऊल पुढे असं ओळखीचं काम द्या. आवारात घोकलेले धडे इथे कामी येतात. अरुंद रस्त्यावर गाणी वाजत असतील तर ट्रॅक्टरवाल्याला हात करून आवाज बंद करायला सांगायला लाजू नका. बहुतेक जण करतात.

हिसका देऊन मागे सरते तेव्हा तिच्याशी रस्सीखेच करू नका. साडेतीनशे किलोंशी कुणी जिंकत नाही. दोर हातातून थोडा सरकू द्या, तिच्याबरोबर एका बाजूला चाला आणि पुठ्ठा सरकवा. समोरून ओढलं की ती आणखी मागे जाते, बाजूने वळवलं की पाय मोकळे होतात. पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहायला लागली, पुढच्या पायाने मारायला लागली किंवा ठरवून लाथ घालायला लागली, तर एकट्याने काम थांबवा आणि अनुभवी माणसाला प्रत्यक्ष बोलवा. तो ढोल घेऊन आला तर परत पाठवा.

खोगीर कधी? पशुवैद्याने पाठ आणि पोट ठीक आहे म्हटल्यावर, आणि ती सैल दोरावर उभी राहायला लागल्यावर. आधी गोणपाट पाठीवर ठेवा-काढा, मग खोगीर तंग न बांधता, मग तंग एक भोक, थोडं चालवून दुसरं भोक. एका दमात आवळणं बंद. पहिले काही आठवडे फक्त खोगीर घालून वरचेच धडे करा आणि परत काढा, वर बसायचं नाही. किती आठवडे लागतील हे घोडी ठरवते. मध्ये दोन-चार दिवस सगळं विसरल्यासारखं वाटेल, विशेषतः वाऱ्याच्या दिवसांत. तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरा, सोपं काही करून घ्या आणि तिथेच थांबा.

तपासणी झाली की तीन गोष्टी कळवा: ती डावीकडून जास्त बुजते की उजवीकडून, दिवसभरात तिला किती वेळ चारा समोर असतो, आणि खोगिराखालचा घाम दोन्ही बाजूंना सारखा येतो की मध्येच कोरडे चट्टे दिसतात. त्यावरून खोगिराचं पुढे काय करायचं ते सांगता येईल.